हिवसाप

"काकू, पुस्तकात असं नाहीये," अर्पिता म्हणाली. हळूच म्हणाली, पलीकडच्या बाईला कळणार नाही अशी, सुतळीचा फास ओढता ओढता, जणू त्या सुतळीशीच बोलतेय. दैवशालेनं मान वर केली नाही. हात चालूच राहिले. कागदाची घडी, गुंडाळी, पीळ, पुन्हा पीळ. हातांना काय, ते वर्षानुवर्षं एकाच पायवाटेनं चाललेले, त्यांना डोक्याची गरज नव्हती. तोंडातलं वाक्य मात्र अर्ध्यात अडकलं. हिवसापानं डोंगरावरून मान खाली घातली अन् खाली गावात बायका उखळापाशी, इथवर गोष्ट आली होती. समोर बसलेली विठाबाई, गोष्ट ऐकताना नेहमी काढते तशी मान पुढं काढून, वाट बघत होती. "उखळापाशी. मग? काय झालं त्या बायकांचं? उखळातच बसल्या व्हय?" दोघीतिघी हसल्या. "घसा सुकलाय," दैवशाला म्हणाली, "जरा दम खाते." तेरखेड्याच्या माळावरच्या त्या फटाक्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये भादव्याचं ऊन वरून दाबत होतं. दिवाळीच्या मालाची घाई सुरू झालेली, बाहेर वैजनाथ मुकादम खोकी मोजत होता, आणि दैवशालेला वाटलं की आपलंही आता कुणीतरी खोकं उघडून बघणार आहे.

ही पोरगी नवीन होती. तालुक्याला, वाशीच्या कॉलेजात शिकणारी, दिवाळीपर्यंत म्हणून कामाला आलेली. दैवशालेच्या गाठी नीट बसतात, म्हणून नव्या बाईला मुकादम नेहमी तिच्याच शेजारी बसवायचा. आल्यापासून अर्पिता गप्प होती. दैवशालेला वाटलं, लाजते. तिनं दोनदा आपल्या डब्यातली शेंगाचटणी पुढं केली होती, पोरीनं मान हलवून ती घेतली होती. आता कळत होतं की ती लाजत नव्हती, ताडत होती. एकेक वाक्य कानात घेत होती आणि आतल्या आत पुस्तकाशेजारी ठेवून बघत होती, लुगडं घेताना बायका दोन पदर उजेडात धरून बघतात तसं.

पुस्तकात नाहीच ते. कसं असेल? दैवशालेनं तोंड पुसलं. फाटकापाशी मुकादमाकडं लाकडी पेटी असते, सकाळी आत येताना तिच्यात फोन ठेवायचे, चपला बाहेर काढायच्या, पैंजण काढून पिशवीत टाकायचे. हे सगळं पाटीवर लिहिलंय. पण उंबऱ्याच्या आत आणखी एक गोष्ट चालत नाही, ती कुठल्याच पाटीवर नाही. आत आलं की काही शब्द तोंडातून काढायचे नाहीत. जळणं नाही, पेटणं नाही, ठिणगी नाही, भडका नाही. चूल पेटवली म्हणायचं नाही, चूल फुलवली म्हणायचं. दुसरीचं बघून जिचं पोट दुखतं तिला बाहेर काय म्हणायचं ते म्हणा, आत ती खारट बाई. शिवी द्यायची झाली तरी तुझ्या तोंडाला पाणी लागो, एवढीच द्यायची, आणि नव्या सुना ती शिवी पहिल्यांदा ऐकून हसायच्या. हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही. दैवशाला इथं आली तेव्हा हरणाबाईनं तिला दारातच सांगितलं होतं, हात धरून, कुंकवाचं बोट पुढं करावं इतक्या मायेनं: "आत दारू ऐकत बसलेली आसती बाई. तिचं नाव घेतलं की तिला वाटतं, बोलावलं." दैवशाला हसली नव्हती. हरणाबाईची धाकटी जाऊ बऱ्याच वर्षांखाली पलीकडच्या माळावरच्या एका शेडमध्ये, शेडसकट गेली, हे तिला आधीच ठाऊक होतं. ती शेड आता नाही. तिथं बोरी आल्यात.

आणि पुस्तकाचं नाव 'अंगारवंश'. म्हणजे उंबऱ्यातच अडलेलं. फोनवर भागाभागानं येणारी ती गोष्ट दैवशालेला एका लांबच्या भाच्यानं लावून दिली होती. पाण्याच्या नळाला रांग असली की रांगेत, भात शिजेपर्यंत चुलीपाशी, नवरा टेम्पो घेऊन कळंबला गेला की ओट्यावर, ती वाचत गेली. मोठा पसारा होता. सात राज्यं, त्यांची भांडणं, धनगराच्या घरी वाढणारा युवराज अरिंजय, घाटावरची नावाडीण तरंगिणी, आणि डोंगरात झोपलेला ज्वालासर्प, तोंडातून जाळ सोडणारा, गावंच्या गावं राख करणारा. वाचलं की तिला राहवायचं नाही. आई येरमाळ्याची आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ घालून दारोदार देवीची गाणी म्हणायची, आणि दैवशाला तिच्या मागून झोळी धरून फिरलेली. तिनं एकदा विचारलं होतं, आई, दरसाल तेच तेच म्हणतीस, लोक कंटाळत न्हाईत का गं? आई म्हणाली होती, देवी तीच आसती, पण लुगडं रोज बदलावं लागतंय की. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय ते आपल्या पोटात उतरत नाही, हे तिच्या अंगात तेव्हापासूनच होतं. तिनं शेडमध्ये गोष्ट सुरू केली. आणि तिसऱ्याच दिवशी ज्वालासर्प डोंगरातून बाहेर आला, त्यानं जबडा उघडला, सगळ्या बायकांचे हात थांबले, आणि दैवशालेच्या लक्षात आलं की जबड्यातून जे बाहेर यायचं त्याचं नाव इथं घेता येत नाही.

तो क्षण तिला अजून आठवतो. पत्र्यावर एक कावळा नखं वाजवत चालला होता. जबडा उघडा, आणि आत काहीच नाही. मग तिच्या तोंडून निघालं: "अन् त्येच्या तोंडातनं हिव बाहेर पडलं." थंडी. पांढरी, धुक्यासारखी, पौषातल्या पहाटेहून थंड. त्या उन्हात बसलेल्या बायकांच्या अंगावर काटा आला आणि विठाबाईनं खरंच पदर ओढून घेतला. साप तेव्हापासून हिवसाप झाला. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण जाळ जे करतो ते हिव करत नाही. पुस्तकात गावाची राख झाली की लेखक पुढं निघून जायचा, त्याला मागं काही उरायचं नाही. तिच्या गोष्टीत गाव तसंच उभं राहायचं, गोठलेलं, हातात भाकरीचा तुकडा धरून बसलेला म्हातारा, पाळण्याची दोरी ओढणारी बाई, सगळी जिथल्या तिथं. आणि बायका विचारायच्या, ऊन पडल्यावर काय हुईल गं? म्हाताऱ्याचा घास तोंडात जाईल का? त्याला काय उत्तर द्यायचं? पुस्तकात उत्तर नव्हतं. तिथून तिच्या हातात दोन कासरे आले. एका हातात लेखकाची गोष्ट, तिला सोडायचं नाही, कारण वळणं त्याची, लढाया त्याच्या. दुसऱ्या हातात ही गोठलेली गावं, ती सोडता येत नव्हती, कारण बायकांना त्यांचीच काळजी.

आणि त्यात तरंगिणी. पुस्तकात ती चौथ्या भागात मेली. सापानं नावेवर जबडा उघडला आणि ती गेली. ते वाचताना दैवशाला नळाच्या रांगेत होती, तिची घागर भरून वाहू लागली तरी तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनं ते सांगितलं, बदलून, जमेल तसं, घाईघाईनं, कारण समोर हरणाबाई बसलेली होती. तरंगिणी गोठली, नदीसकट गोठली, बर्फात निजली. संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात देऊन हरणाबाई म्हणाली, "दैवशाले, त्या पोरीचं काय? हाय न्हवं बर्फात?" दैवशाला म्हणाली, हाय मावशी. "बरं." आणि तेव्हापासून रोज. काम सुटलं, सगळ्या फाटकाकडं निघाल्या की हरणाबाई वळून विचारायची, हाय न्हवं? हाय, मावशी, हाय तशीच. बरं. एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय हरणाबाईचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. दिवाळ्या आल्या, गेल्या. लेखक सातव्या भागाला लागला. त्याच्या पुस्तकात तरंगिणीचं नावसुद्धा आता कुणी काढत नव्हतं.

आता ही पोरगी. तिच्या फोनमध्ये चौथा भाग आहे.

"काकू," अर्पिता पुन्हा म्हणाली, आणि या खेपेला थोडं मोठ्यानं, "तुम्ही हा साप कुठून उचललात?" दैवशालेचे कान तापले. उचललात. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. प्रत्येक भागाखाली वाचणारे आपापलं मत लिहायचे, आणि दैवशाला गोष्टीइतक्याच आवडीनं ते वाचायची. कुणी लिहायचं, यात नवीन काय आहे, अनाथ युवराज, धनगराचं घर, हरवलेली तलवार, सगळं आधी दहा ठिकाणी वाचलंय, उचललंय. त्याखाली दुसरा, असेल वाचलेलं, वाचता वाचता माझी बस चुकली त्याचं काय करू? तिसरा, पाचव्या भागापासून लेखक नुसतं पाणी घालतोय. चौथा, घालू दे, आमटी चांगली आहे. ती हसायची तेव्हा. देवळाच्या पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांची भांडणं ऐकावीत तशी ऐकायची. आपल्यालाही कुणी असं विचारेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"कसलं उचललं?" विठाबाईचा कान लांबचा. "काय गं पोरी, तू बी वाचतीस व्हय ती गोष्ट?"

"वाचते ना. सगळे भाग आहेत माझ्याकडं."

"मग सांग बरं, त्यो अरिंजय राजाचा पोरगा हाय का न्हाय?"

"अहो, ते तर सगळ्यांना आधीच कळतं. सगळ्या अशा पुस्तकांत तसंच असतं. म्हणून तर कंटाळा येतो."

"कंटाळा?" विठाबाईनं हातातली सुतळी दातात धरली आणि सोडली. "म्या पैल्याच दिवशी म्हणलं, धनगराकडं वाढतंय म्हणल्यावर हे राजाचंच. कळलंय म्हून तर मजा हाय. त्येला कवा कळतंय, हे बघायला बसलेय म्या. आपल्या पोराचं लगीन ठरलेलं आपल्याला ठावं आसतंय, त्येला ठावं नसतंय, तशी मजा."

"पण नवीन काहीतरी पाहिजे की, आजी."

"आजी कुणाला म्हणतीस गं? दात बघ माझे."

शेड हसली. अर्पिताही हसली, पहिल्यांदाच मोकळी. आणि मग तिनं ते बोलून टाकलं: "जेवायच्या सुट्टीत वाचून दाखवू? बाहेर फोन मिळेल ना."

दुपारपर्यंतचा वेळ दैवशालेला नंतर नीट आठवला नाही. मध्ये तिनं गोष्ट पुढं सांगितली म्हणे, सांगितली असेल. आतून ती वेगळ्याच वाटेनं पळत होती. बायका काय म्हणतील, एवढी वर्षं खोटं सांगितलं? म्हणू देत. उद्यापासून माझ्याकडं तोंड करून बसणार नाहीत, त्या पोरीकडं करून बसतील. घरी कुणी तिला चहा झाला का याच्यापलीकडं काही विचारत नव्हतं. इथं सगळी शेड विचारायची, मग? मग काय झालं? तो 'मग' गेला तर काय उरतं, पीळ आणि गाठ, पीळ आणि गाठ. पण तेही चालेल. हरणाबाईचं नको. तिला तरंगिणी तशी जाताना ऐकू यायला नको. दैवशालेनं एकदा वर पाहिलं. हरणाबाई शांतपणे, ओठ मिटून, गाठी मारत होती. तिच्या मनगटावर एक जुनी हिरवी शीर उमटलेली होती आणि ती गाठीगणिक वर यायची, खाली जायची. आता बोलावं का अर्पिताशी, हळूच, तो भाग नको वाचू बाई? पण मग विचारील, का? आणि ते का, इथं सांगायचं तर तेच शब्द लागणार.

सुट्टी झाली. फाटकाबाहेर चिंचेखाली सगळ्या डबे सोडून बसल्या. मुकादमानं पेटी उघडली. "पैल्या भागातली जत्रा वाच," दैवशाला घाईनं म्हणाली, "लई छान लिवलीय."

"जत्रा बघितल्या आमी," विठाबाई म्हणाली. "येरमाळ्याची दरसाल बघतो. तरंगिणीचं वाच गं."

"मावशी, चला, नळावर डबा धुवून येऊ."

"धुतला की," हरणाबाई म्हणाली, आणि खरंच तिचा डबा पालथा घातलेला होता. "बस तू. ऐकू दे."

अर्पिता वाचू लागली. आवाज चांगला होता तिचा, कॉलेजातल्या स्पर्धेत घडवलेला. "आणि ज्वालासर्पाने जबडा उघडला. तरंगिणीच्या पदराने क्षणात पेट घेतला. ती नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्वाळेसारखी धावली आणि तिने नदीत झेप घेतली. पण पाण्यालाही त्या दिवशी उशीर झाला होता." वाऱ्यानं चिंचेचा पाला हलला आणि वाळकं बारीक पान कुणाच्या तरी वरणात पडलं. दैवशाला कुणाकडंच बघत नव्हती, फक्त हरणाबाईच्या हाताकडं. तो हात मांडीवर उताणा पडला होता. मग तिनं तो उचलून डोक्यावरचा पदर पुढं घेतला.

"बरं लिवलंय," हरणाबाई म्हणाली. "पदराचं तू सांगितलं न्हवतंस, दैवशाले. बाकी सांगितलं व्हतंस."

"मी? मी तर..."

"नदीत उडी घेतली म्हणून सांगितलंस की. पळत सुटली, नदीत उडी घेतली. हिवानं गारठलेली बाई पाण्यात उडी घेती व्हय गं? चुलीकडं पळंल ती."

दैवशालेनं तोंडावर हात ठेवला. सांगितलं होतं. जबड्यातलं बदललं, आणि पळणं बदलायचं राहून गेलं. त्या दिवशीच्या घाईत पुस्तकातली बाई जशी पळाली तशीच तिच्या गोष्टीत पळाली, कुणालाही न सांगता, जाळातून पळते तशी. आणि सबंध शेडमध्ये हे एकाच बाईला कळलं.

"म्हणजे तुमाला ठावं व्हतं?" विठाबाईचा घास हातातच.

"पैल्या दिवशीच."

"अन् मग रोज इचारत व्हताव ते? हाय का, हाय का?"

"ही 'हाय' म्हणायची," हरणाबाई म्हणाली. "घरी जाताना तेवढं ऐकाया बरं वाटायचं. कुणीतरी म्हणावं लागतंय."

अर्पिताचा चेहरा उतरला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण समजलं होतं. "मावशी, मला माहीत नव्हतं..."

"तुला कसं ठावं आसंल. कालची तू. रडू नको, भाकर खा."

दैवशालेच्या अंगातून काहीतरी उतरत होतं. डोक्यावरचा भारा कुणीतरी मागून येऊन अलगद उचलावा, आणि मान एकदम इतकी हलकी व्हावी की ती आपली वाटू नये, तसं. एवढा काळ तिला वाटत होतं की त्या बर्फाखालची बाई ती एकटीच धरून आहे, हात सोडला की गेली. आणि दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी धरलं होतं, तिच्याहून घट्ट, सगळं माहीत असून. खोटं सांगितलं ते कुणाला? हरणाबाई तर पहिल्या दिवसापासून खरं ऐकत होती आणि वरून दुसरंही ऐकत होती, जोडीच्या दोन बायका जात्यावर बसतात तसं, एकीनं ओढायचं, दुसरीनं दाण्यांची वैरण घालायची. तिला हसावंसं वाटलं, आणि पाणी प्यावंसं वाटलं. तिनं तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायलं, हनुवटीवरून ओघळ छातीवर गेला, आणि त्या उन्हात तो गार लागला.

"मला बाई हेच आवडलं," विठाबाईनं मधेच जाहीर केलं. "कसं धडाडून आलं! पदरानं पेट घेतला! वाच गं पुढं. उद्यापासनं जेवताना ही वाचंल, आत दैवशालेचं ऐकू. दोन गोष्टी हुतील."

"आजी, ही तर सगळ्यांसारखीच आहे. मी खाली लिहायची त्या लेखकाला, सगळं उचललंय म्हणून." अर्पितानं डोळे पुसले. "काकू, खरं विचारत होते मी मघाशी. हिवाचा साप कुठंच वाचला नाही. सकाळपासून आठवतेय, कुणाचा असेल, कुणाचा असेल."

"कुणाचा न्हाय. आत ते शब्द चालत न्हाईत, म्हून तसं म्हणावं लागलं."

"एवढंच?"

"एवढंच बाई."

अर्पितानं फोन खाली ठेवला. आणि मग तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. विठाबाईला कळेना हसायचं काय, म्हणून तीही हसली.

मुकादमानं शिट्टी वाजवली. हरणाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, पदरावरचे भाकरीचे तुकडे झटकले आणि शेडकडं चालता चालता म्हणाली, "आज तिला उठव."

"मावशी, मला कुठं ठावं, कशी उठवायची ते..."

"आता पुस्तकाचं भ्या न्हाय न्हवं तुला? मग उठव. लई निजली."

आत पत्रा तापलेला होता. बायका आपापल्या जागी बसल्या, कागद पुढं ओढले, आणि दैवशालेनं बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदाच तिला पुढचं काही माहीत नव्हतं. कुठला भाग नव्हता, कुठलं पान नव्हतं, फक्त समोर माना पुढं काढून बसलेल्या बायका आणि त्यांच्या हातांचा एक आवाज. तिनं नदीवर ऊन पाडलं, हळूच, काठाकडून. बर्फाला आधी घाम आला. मग एक थेंब सुटला, मग त्याच्या मागं दुसरा, गाई सुटाव्यात तशी पाण्याची रांग लागली, नाव हलली, वल्हं हललं, तरंगिणीच्या केसांतून पाणी निथळलं, पापणी हलली. घाटावरच्या सगळ्या बाया काठावर वाकून बघत होत्या. तरंगिणीनं डोळे उघडले.

"काय म्हणली?" विठाबाई. "एवढी निजून उठली, पैलं काय बोलली?"

दैवशालेजवळ काहीच नव्हतं. जबडा उघडा होता तेव्हासारखंच. पत्र्यावर काही वाजत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणली, जेवलाव का गं पोरींनो?"

शेड फुटली हसून. विठाबाईच्या हातातला गठ्ठा मांडीवरून घसरला, बाहेरून मुकादम ओरडला, काय झालं गं, आणि त्याला कुणी सांगितलं नाही. हरणाबाई सगळ्यात शेवटी हसली, आवाज न करता, खांदे हलवत, हातातली गाठ तशीच धरून.

"जेवलोत म्हणावं," ती म्हणाली. "सांग तिला. आत्ताच जेवून आलोत."